दुष्काळ धावपटू घडवत नाही



गेल्या दहा-बारा वर्षांत महाराष्ट्राने ३००० मीटर स्टीपलचेस या शर्यतीत जागतिक दर्जाचे दोन धावपटू दिले. एक सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर आणि दुसरा बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले, दोन्ही घरे शेतकऱ्यांची, दोन्ही गावांना पाण्याची चणचण. सत्कारसमारंभांत आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत त्यांची जी कथा सांगितली जाते ती आता पाठ झाल्यासारखी आहे. घरात अठराविश्वे दारिद्र्य, शाळा लांब, एसटी नाही, मग मूल धावत शाळेत जाते आणि त्या धावण्यातूनच पुढे ऑलिंपिक गाठते. ऐकणाऱ्याचा ऊर भरून येतो, टाळ्या पडतात, शाल आणि श्रीफळ दिले जाते. या कथेतले तपशील खोटे नाहीत. पण त्यांतून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे आणि तो महागातही पडतो, हे आज मला पुराव्यानिशी मांडायचे आहे. दुष्काळाने हे धावपटू घडवलेले नाहीत. त्यांना घडवले ते दरमहा वेळेवर येणाऱ्या पगाराने, हातात घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने आणि उमेदीची चार-सहा वर्षे फक्त धावण्यासाठी देता येतील अशा सोयीने. ही सोय भारतात प्रामुख्याने दोन संस्थांनी पुरवली आहे, रेल्वेने आणि लष्कराने. हे भुसावळात बोलताना फार फोड करून सांगावे लागणार नाही. रेल्वेची नोकरी घराला काय देते, हे या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आधी ही शर्यत नीट पाहू, कारण ती पाहिल्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही. तीन हजार मीटर, म्हणजे साडेसात फेऱ्या. वाटेत २८ कोरडे अडथळे आणि सात वेळा वॉटर जंप, अशा एकूण ३५ उड्या. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर, स्त्रियांसाठी ७६.२. शंभर किंवा चारशे मीटरच्या हर्डल शर्यतीतला अडथळा पायाचा धक्का लागला की पडतो. हा पडत नाही. ही जाड लाकडी तुळई असते, वजनदार आणि रुंद, आणि पाय अडकला तर पडतो तो धावणारा. वॉटर जंपला या तुळईपलीकडे सुमारे साडेतीन मीटर लांबीचा पाण्याचा हौद असतो. तुळईजवळ तो खोल असतो आणि पुढे उतरता होत होत ट्रॅकच्या पातळीला मिळतो. जाणकार धावपटू एक पाय तुळईवर ठेवतो, शरीर फारसे वर न उचलता त्या पायाने स्वतःला पुढे लोटतो आणि दुसरा पाय हौदाच्या उथळ टोकाला टेकवून तसाच पुढे निघतो. नवखा वर उडतो, दोन्ही पायांनी खोल पाण्यात पडतो आणि तिथे त्याचा सगळा वेग संपतो. ओले बूट घेऊन तो पुन्हा शून्यातून सुरुवात करतो, आणि असे सात वेळा. पहिल्या दोन फेऱ्यांत हे तंत्र सांभाळणे अवघड नसते. सहाव्या-सातव्या फेरीत पायांत गोळे आलेले असताना, पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना माणसे असताना, समोरचा अडथळा धड दिसतही नसताना पाऊल नेमके कुठून उचलायचे हे शरीराला आपोआप कळावे लागते. ते कळणे रस्त्यावर धावून येत नाही. हौद लागतो, अडथळे लागतात, शेकडो वेळा केलेला सराव लागतो आणि प्रत्येक उडीनंतर चूक दाखवणारे माणूस लागते. मोही ते शाळा या वाटेवर यातले काहीही नव्हते.

ललिता बाबरचा जन्म २ जून १९८९चा. तिच्या वाढीच्या वयात स्त्रियांची स्टीपलचेस ऑलिंपिकमध्ये नव्हतीच. पुरुष ही शर्यत विसाव्या शतकाच्या आरंभापासून ऑलिंपिकमध्ये धावत होते, पण स्त्रियांसाठी ती जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत २००५ साली हेलसिंकीला आली, ऑलिंपिकमध्ये २००८ला बीजिंगला आणि आशियाई क्रीडास्पर्धेत २०१०ला ग्वांगझूला. ग्वांगझूचे ते पहिले सुवर्ण भारताच्या सुधा सिंगने जिंकले. म्हणजे ललिता विशीत आली तेव्हा कुठे हे दार तिच्यासाठी उघडले. तोवर ती लांब पल्ल्याची धावपटू म्हणून नाव मिळवून होती. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत तिने विजयाची हॅट्‌ट्रिक केली होती. २०१४च्या जानेवारीत तिने ठरवले की आता स्टीपलचेसकडे वळायचे. या निर्णयाचे मोल आपण पुरेसे ओळखलेले नाही. जानेवारी आला की मुंबईत जिंकता येते, बक्षिसाची रक्कम मिळते, गावात आणि राज्यात नाव होते, असे चालू घर सोडून चोविसाव्या वर्षी एका नव्या तंत्राच्या शर्यतीत शिरणे हा मोठा धोका होता. मांडी मारून बसलेली जागा सोडायची होती आणि पुढे काय, याची हमी कुणाकडेच नव्हती.

मग काय झाले ते आकडे सांगतात. प्रशिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह यांच्या हाताखाली सराव सुरू झाला. त्याच वर्षी, २०१४च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत, ललिता ९ मिनिटे ३५.३७ सेकंदांत धावली, कांस्यपदक मिळाले आणि सुधा सिंगचा राष्ट्रीय विक्रम मोडला गेला. २०१५च्या जूनमध्ये वुहानच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ९:३४.१३ आणि सुवर्ण. त्याच ऑगस्टमध्ये बीजिंगच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पात्रता फेरीत ९:२७.८६. स्टीपलचेसच्या जागतिक अंतिम फेरीत पोहोचलेली ती पहिली भारतीय स्त्री. अंतिम फेरीत ती आठवी आली. २०१६ला फेडरेशन कपमध्ये ९:२७.०९. आणि १३ ऑगस्ट २०१६ला रिओत, ऑलिंपिकच्या पात्रता फेरीत, ९ मिनिटे १९.७६ सेकंद. १९८४ साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषा अंतिम फेरीत धावल्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय स्त्री ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरीत उभी राहिली. दोन दिवसांनी, १५ ऑगस्टला, ९:२२.७४ या वेळेत ती दहावी आली. इंचॉन ते रिओ या दोन वर्षांच्या आतल्या काळात तिची वेळ १५.६१ सेकंदांनी सुधारली. ही सुधारणा ३५ उड्यांवर वाटली तर प्रत्येक उडीमागे साधारण ०.४५ सेकंद येतात. अर्थात सगळी कमाई उड्यांतलीच नव्हती, सपाट धावण्याचा वेगही वाढला होता. पण जी स्त्री मॅरेथॉन धावत आली होती, तिच्याकडे दम आधीच होता. नव्याने मिळवले ते तंत्र आणि वेग. ते दोन्ही शिबिरात मिळतात, ट्रॅकवर मिळतात, वर्षभर एकाच माणसाच्या नजरेखाली काम केल्याने मिळतात.

त्या वर्षांत ललिता राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेकडून उतरत होती. रेल्वेच्या खेळाडूला ठरलेला पगार असतो, सरावासाठी सवलत असते, शिबिरांना आणि स्पर्धांना जाण्यासाठी विशेष रजा असते. या रुक्ष बाबी आहेत, भाषणांत त्यांना स्थान मिळत नाही. पण जानेवारी २०१४चा तो निर्णय यांच्याशिवाय समजत नाही. ज्या घराचा गाडा बक्षिसाच्या रकमेवर चालतो त्या घरातला धावपटू हमखास जिंकता येणारी शर्यत सोडू शकत नाही. पोटासाठी धावणारा माणूस रस्त्यावरच्या दर रविवारच्या शर्यतींत धावतो. आज या गावात दहा किलोमीटर, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या गावात एकवीस. पाच-दहा हजारांच्या बक्षिसांसाठी गुडघे झिजवणारी गुणी मुले आपल्या राज्यात कितीतरी आहेत. त्यांच्यात दम आहे, जिद्द आहे. त्यांना बक्षिसांच्या शर्यतींमागे न लागता वर्षभर सराव करण्याची चैन परवडत नाही. ललिताला ती परवडली, कारण महिन्याच्या अखेरीस पगार होणार होता. तिच्या धाडसाची किंमत यामुळे तसूभरही कमी होत नाही. धाडस करायला पायाखाली जमीन लागते, एवढेच मी म्हणतो आहे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप असा की लहानपणीच्या कष्टांचा काहीच वाटा नाही असे कसे म्हणता? तसे मी म्हणत नाही. वाढीच्या वयात रोज काही किलोमीटर चालणे-धावणे झाले तर हृदय आणि फुप्फुसांची क्षमता वाढते, पायांचे स्नायू आणि सांधे चिवट होतात, हे शरीरशास्त्र सांगते. प्रश्न आहे तो या कष्टांतून धावपटू आपोआप तयार होतो का, हा. इथे अविनाश साबळेचे उदाहरण बारकाईने पाहावे. मांडव्यात शाळेपर्यंतचे सहा किलोमीटर तो रोज चालत-धावत जात असे, हे सर्वश्रुत आहे. पुढचे कमी सांगितले जाते. बारावीनंतर तो लष्करात गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. २०१३-१४ला सियाचेनच्या बर्फात, मग राजस्थानच्या वाळवंटात, पुढे सिक्कीममध्ये अशा नेमणुका झाल्या. या सगळ्या काळात तो स्पर्धात्मक धावपटू नव्हता. २०१५ साली लष्करांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतीत तो उतरला तेव्हा त्याचे वय वीस-एकवीस होते. मधल्या काळात वजन इतके वाढले होते की ते वीसेक किलोंनी उतरवावे लागले. म्हणजे मांडव्याच्या वाटेने त्याला जे काही दिले होते ते कित्येक वर्षे कुणाच्याही नजरेस न येता पडून राहिले. ते हुडकले लष्कराच्या एका नेहमीच्या स्पर्धेने आणि त्याला स्टीपलचेसकडे वळवले प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी. त्या वर्षी बटालियनच्या संघात जागा नसती, तर एक उत्तम सैनिक म्हणून त्याची नोकरी पूर्ण झाली असती आणि आजच्या सभेत त्याचे नाव निघण्याचे कारण उरले नसते.

आणखी एक हिशेब मांडतो. पुरुषांच्या स्टीपलचेसचा राष्ट्रीय विक्रम गोपाल सैनी यांनी १९८१ साली नोंदवला होता, ८ मिनिटे ३०.८८ सेकंद. तो २०१८च्या सप्टेंबरात भुवनेश्वरला साबळेने ८:२९.८० या वेळेने मोडला. मधे ३७ वर्षे गेली. या ३७ वर्षांत दुष्काळ काय कमी पडले? २०१२-१३चा दुष्काळ आठवा, २०१५-१६चा आठवा. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते, आणि रेल्वेच्या माणसांना ते दिवस चांगले आठवत असतील. माण, आष्टी, पाटोदा, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांत शेकडो गावे आहेत आणि त्या प्रत्येक गावात शाळेत चालत गेलेल्या पिढ्या आहेत. कष्टांनी धावपटू घडत असते तर आपल्याकडे ललिता आणि अविनाश यांची रीघ लागली असती. दोनच नावे वर आली याचा अर्थ सरळ आहे. कच्चा माल विपुल आहे, चाळणी फार बारीक आहे आणि त्या चाळणीतून खाली पडणे हा बहुतेक वेळा योगायोग आहे. साबळेला नीट आधार मिळाल्यानंतर काय झाले तेही पाहा. पुढच्या सहा वर्षांत त्याने राष्ट्रीय विक्रम दहा वेळा नोंदवला आणि वेळ ८:०९.९१ पर्यंत आणली. ३७ वर्षे जो विक्रम हलत नव्हता तो सहा वर्षांत वीस सेकंदांहून अधिक खाली आला. या सहा वर्षांत मांडव्याचा पाऊस बदलला नव्हता. बदलले होते ते पतियाळा, बंगळुरू, उटी आणि पुढे अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्जमधले सरावाचे दिवस.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो म्हणतो, केनियाकडे बघा. १९६८च्या मेक्सिकोपासून २०१६च्या रिओपर्यंत केनियाने भाग घेतलेल्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या स्टीपलचेसचे सुवर्ण केनियाच्याच धावपटूने जिंकले, अशी ११ सुवर्णपदके. राष्ट्रकुल स्पर्धांत १९९८ ते २०१८ या सहा स्पर्धांत तिन्ही पदके त्यांचीच. तिथे कुठे होते पगार आणि प्रशिक्षक? डोंगरातली गरीब पोरे अनवाणी धावली आणि जग जिंकले. हा समज जगभर पसरलेला आहे, पण तोही अपुरा आहे. केनियाचा पहिला मोठा धावपटू किपचोगे केइनो हा पोलीस दलात नोकरीला होता. १९७२ला म्युनिकला स्टीपलचेसचे सुवर्ण त्यानेच जिंकले. केनियाचे पोलीस, लष्कर आणि तुरुंग खाते ही धावपटूंना नोकऱ्या देणारी आणि एकमेकांशी चुरशीने स्पर्धा करणारी केंद्रे आहेत. समुद्रसपाटीपासून २४०० मीटर उंचीवरच्या इतेन गावात सेंट पॅट्रिक्स ही निवासी शाळा आहे. तिथे १९७६ साली आयर्लंडहून ब्रदर कोल्म ओकॉनेल नावाचे शिक्षक आले आणि त्यांनी अनेक दशके मुलांना धावण्याचे शिक्षण दिले. उंचीचा फायदा तिथल्या प्रत्येक गावाला आहे, पण विजेते निघाले ते अशा शाळांभोवती आणि खात्यांभोवती. शिवाय रिओचेच उदाहरण आहे. ललिता जिथे दहावी आली त्या शर्यतीचे सुवर्ण रूथ जेबेटने जिंकले. तिचा जन्म केनियातला आणि देश बहरीन. केनियातल्या डोंगरांनी दिलेला दम घेऊन गुणी मुली जिथे आधार आहे तिथे जातात, प्रसंगी देश बदलून जातात. (हीच जेबेट पुढे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणात बंदीस पात्र ठरली. पैसा ओतून पदके विकत घेण्याच्या वाटेवर हे संकट कायम उभे असते, आणि मी ज्या आधाराची बाजू मांडतो आहे तो या प्रकारचा नव्हे.) केनियाची ही फळी अभेद्य वाटत असतानाच ६ ऑगस्ट २०२२ला बर्मिंगहॅमला साबळेने तिच्यात शिरून रौप्यपदक घेतले. त्याची वेळ ८:११.२०, सुवर्ण जिंकणाऱ्या अब्राहम किबिवोटची ८:११.१५. पाच शतांश सेकंद एवढाच फरक. डोंगर आणि वंश हीच कारणे असती तर हे अंतर इतके मिटले नसते.

तिसरा आक्षेप आपल्या घरातला आहे आणि तो रेल्वेच्या कचेऱ्यांतही ऐकू येतो. नोकरी मिळाली की खेळाडू सुस्तावतो, नोकरीसाठीच तर सगळे खेळतात. ललिताचेच उदाहरण त्यासाठी दिले जाईल. रिओनंतर ती पुन्हा त्या उंचीवर धावली नाही. पुढे महाराष्ट्र शासनाने तिला थेट उपजिल्हाधिकारी म्हणून नेमले आणि रायगड जिल्ह्यात माणगावला तिने तहसीलदाराचे काम केले. या आक्षेपात तथ्य आहे, पण बोट चुकीच्या जागी ठेवले आहे. नोकऱ्या दोन प्रकारच्या असतात. एक नोकरी धावता यावे म्हणून दिली जाते, दुसरी धावून झाले म्हणून. पहिली वर्षांमागे वर्षे सरावाला मोकळी ठेवते. दुसरी हा सन्मान असतो, त्यात फायली असतात, सुनावण्या असतात, पूर आला तर रात्रभर जागायचे असते, आणि तहसीलदाराने ते मन लावून केलेच पाहिजे. सत्ताविसाव्या वर्षी, ऑलिंपिकच्या अंतिम फेरीनंतर, ललितासारखीला पहिल्या प्रकारचा आधार दुप्पट मिळायला हवा होता. साबळेने आपली सर्वोत्तम वेळ, पॅरिसच्या डायमंड लीगमधली ८:०९.९१, नोंदवली तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा होता. ललिताचा ९:१९.७६ हा विक्रम २०२३च्या ऑगस्टात बुडापेस्टला पारुल चौधरीने ९:१५.३१ या वेळेने मोडला, तेव्हा पारुल अठ्ठावीस वर्षांची होती. या शर्यतीतली उत्तम वर्षे सत्ताविशीच्या पुढेही असतात. ललिताला तो काळ ट्रॅकवर घालवावासा वाटावा अशी व्यवस्था आपल्याकडे नव्हती. मुलीने कधीपर्यंत धावायचे, लग्न कधी, घर कधी, हे प्रश्न पुरुष धावपटूला इतक्या धारेने विचारले जात नाहीत, हेही इथे नोंदवले पाहिजे. तिचा निर्णय तिचा होता आणि तो आदरानेच घ्यायचा. व्यवस्थेला मात्र जाब विचारता येतो. नोकरीची आस धाव मंदावते असे म्हणणाऱ्यांनी पारुलचे पुढचे बोल ऐकावेत. हांगझू आशियाई स्पर्धेत ५००० मीटरचे सुवर्ण शेवटच्या पन्नासेक मीटरमध्ये तिने खेचून आणले. त्या क्षणी डोक्यात उत्तर प्रदेश पोलिसांतल्या उपअधीक्षकपदाचा विचार होता, हे तिने नंतर स्वतःच सांगितले. पोटाची चिंता मिटावी या इच्छेत कमीपणा कसला?

पदक नाही मग एवढे कौतुक कशाला, हा चौथा आक्षेप मी थोडक्यात घेतो. दहावा क्रमांक म्हणजे त्या दिवशी जगात फक्त नऊ स्त्रिया तिच्यापुढे होत्या. या देशात धावण्यासाठी सोयी किती, स्पर्धेला उतरणाऱ्या मुली किती, हे लक्षात घेतले तर त्या दहाव्या क्रमांकाची उंची कळते.

आता खानदेशाकडे. इथे धावणारी माणसे आहेत का, हा प्रश्नच नको. सातपुड्याच्या पायथ्याशी यावल, रावेर, चोपडा, शिरपूर, आणि वर धडगाव, अक्कलकुवा या पट्ट्यातली तडवी, पावरा, भिल्ल मुले-मुली चढ-उतारांत वाढतात. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपार जातो तरीही भुसावळ-जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर पहाटे पाच वाजता भरतीची पोरे धावताना दिसतात. महाराष्ट्रातली धावण्याची सर्वांत मोठी शाळा आज भरती हीच आहे. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, सैन्यभरतीतही १६०० मीटरची धाव असते. २०२४च्या पोलीस भरतीत सुमारे सतरा हजार जागांसाठी सतरा लाखांहून अधिक अर्ज आले होते. यांतली लाखो मुले मैदानावर उतरली, प्रत्येकाची वेळ घड्याळ लावून मोजली गेली, कागदावर नोंदली गेली, गुण दिले गेले आणि निकालानंतर त्या वेळा फायलीत बंद झाल्या. एवढ्या मुला-मुलींची मध्यम पल्ल्याची अधिकृत वेळ दुसऱ्या कुठल्या राज्याच्या क्रीडा खात्याकडे असेल असे मला वाटत नाही, आणि आपण ती क्रीडा खात्याला दाखवतसुद्धा नाही. धुळे, जळगाव, नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या मैदानांवर ज्यांनी सर्वांत चांगल्या वेळा दिल्या अशी पन्नास मुले आणि पन्नास मुली निवडायला नवा पैसा लागत नाही. लागतो तो फक्त एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जाणारा कागद. जे पोलीस झाले त्यांना साबळेच्या वाटेने नेता येईल. ज्यांना भरतीत लेखी परीक्षेत गुण कमी पडले, पण मैदानावर जे पहिल्या दहांत होते, त्यांचे काय करायचे हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर भुसावळसारख्या ठिकाणी आहे. इथे मध्य रेल्वेचा विभाग आहे, लोको शेड आहे, झोनल ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. शेजारी भुसावळ आणि वरणगाव असे दोन आयुधनिर्माणी कारखाने आहेत, दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आहे. क्रीडा कोट्यातून भरती करायला पात्र अशा इतक्या सरकारी-निमसरकारी आस्थापना एका तालुक्याभोवती महाराष्ट्रात फार ठिकाणी नसतील. अडचण आहे ती कोट्याच्या अटींत. त्या पदकांच्या आणि क्रमांकांच्या भाषेत लिहिलेल्या असतात. राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या तिघांत आलेल्याला नोकरी, असे आपण म्हणतो. म्हणजे आधार नसताना जो वर आला त्यालाच आधार देतो. एकोणीस वर्षांच्या पावरा मुलीची वेळ दोन हंगामांत किती सुधारली हे पाहून तिला चार वर्षांची नेमणूक दिली, दरवर्षी त्याच घड्याळाने तिची परीक्षा घेतली आणि सुधारणा थांबली तर तिला साध्या पदावर सामावून घेतले, तर आस्थापनेचे नुकसान एका कनिष्ठ पगाराएवढेच आहे. कोणी विचारेल, अशा शंभर मुलींतल्या किती ऑलिंपिकला जातील? कदाचित एक, कदाचित एकही नाही. बाकीच्या नव्याण्णव जणी रेल्वेत, पोलिसांत, शाळांत नोकरी करतील आणि त्यांतल्या दहा-पंधरा जणी पुढच्या मुलींच्या प्रशिक्षक होतील. आज या तीन जिल्ह्यांत वॉटर जंपवर पाय कुठे ठेवायचा हे शिकवू शकणारी स्त्री शोधायला निघालो तर किती हिंडावे लागेल, याचा विचार विभागाच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी, आयुधनिर्माणीच्या व्यवस्थापकांनी आणि आपल्या लोकप्रतिनिधींनी पुढच्या अर्थसंकल्पाआधी करावा, अशी माझी या व्यासपीठावरून जाहीर विनंती आहे.